जपाच्या चालीवर गाडी

मी गाडी शिकले ती सासूबाईंच्या डोळ्यापायी. हौस म्हणाल, तर मला कधी सायकलसुद्धा हवीशी वाटली नव्हती. सोमवार, शनिवार, प्रदोष, चतुर्थी, शिवाय कार्तिकातलं पहाटेचं स्नान, एवढं सांभाळता सांभाळता माझा दिवस भरून जायचा. त्यात एक्सीलेटर कुठं बसवणार?

पण शहाऐंशीच्या कार्तिकात आमचे हे बगिच्यात संत्री तोडताना शिडीवरून पडले आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. त्याच महिन्यात पांढुर्ण्याच्या नेत्रशिबिरात सासूबाईंच्या मोतीबिंदूची तारीख लागली. त्यांना मी आई म्हणते. आईंचा एक डोळा पूर्वीच गेलेला, म्हणजे जे काही होतं ते या एकाच डोळ्यावर. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी बजावलं, ऑपरेशननंतर घरी नेताना डोक्याला झटका लागता कामा नये. टाका सुटला तर डोळा गेला समजा.

तपासणीला त्यांना हिरामणने नेलं होतं. हिरामण आमच्या संत्र्यांचा ट्रक चालवायचा आणि आमच्या जुन्या फियाटलाही तो ट्रकच समजायचा. आई परत आल्या, मान धरून ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मले संत्र्याची पेटी समजून आणलं त्यानं. त्याच्यासंगं मी आता येत नाही."

"मंग कोण आणन तुले?" ह्यांनी विचारलं.

"सून आहे न. इतके उपास करते, तिच्यानं एक गाडी नाही चालत का?"

उपासाचा आणि गाडीचा काय संबंध, हे विचारायची हिंमत ना ह्यांना झाली ना मला.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून मी बोरगावच्या रस्त्यावर स्टेअरिंग धरून बसले. शेजारी हे, प्लास्टरचा पाय पुढं सरकवून.

"क्लच हळू सोड, अन् रेस हळू दे."

मी हळूच दिली. निदान माझ्या मते हळूच. गाडीनं उडी मारली, दुसरी मारली आणि बंद पडली. ह्यांचा पाय समोर आदळला.

"अवं, एक पाय मोडलाच आहे माहा. दुसरा तं राहू दे."

"हळूच दाबला मी."

"आज शनिवार न? उपाशी पोटी एवढा जोर कुठून आणते तू?"

रस्त्याच्या कडेला कापूस वेचणाऱ्या बाया ओटी धरून उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, "बाई, गाडीले उचकी लागली का वो?" दुसरी म्हणाली, "थोडं पाणी पाजा तिले." मी मान खाली घालून पुन्हा किल्ली फिरवली. त्या बायांनी त्या दिवशी किती कापूस वेचला कोण जाणे.

आठवडाभर हेच. पायाला मधलं काही ठाऊकच नव्हतं, एक तर काहीच नाही, नाही तर सगळं. अन् मग मला एक युक्ती सुचली. ती देवानंच सुचवली, असं मी तेव्हा धरून चालले. माझा रोजचा जप एका संथ चालीत होतो. त्या चालीवर पाय दाबला तर? एक नाम, थोडी रेस. आणखी एक नाम, आणखी थोडी.

आणि गाडी चालली. लोण्यासारखी चालली. ह्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवलेला प्लास्टरचा पाय पहिल्यांदाच सोडला. माझ्या मनात आलं, इतक्या वर्षांच्या साधनेपुढं पेट्रोल ते काय. हे मनात यायला नको होतं, कारण तेवढ्यात समोरून कापसानं भरलेली बैलगाडी आली.

संकट आलं की जप वाढवायचा, ही माझी लहानपणापासूनची सवय. मी जप वाढवला. पाय जपाला बांधलेला, त्यानं रेस वाढवली. गाडी पळायला लागली तशी मी आणखी घाबरले, म्हणून आणखी भरभर नाम घ्यायला लागले. हे ओरडत होते, "पाय काढ, अवं पाय काढ," पण जप मधेच तोडून उत्तर कसं देणार? बैलगाडी चुकली. गाडी बांधावरून वावरात उतरली आणि तुरीत जाऊन थांबली.

गाडीवान धावत आला. माझे ओठ अजून हलत होते ते पाहून त्यानं हात जोडले. "बाई देवाचं नाव घेऊन राहिल्या होत्या म्हणून वाचलो आपण."

"देवाचं नाव घेऊन राहिली होती म्हणूनच वावरात आलो आपण," हे म्हणाले.

घरी येताना त्यांनी मला शांतपणे समजावलं, की जप वेगळा आणि रेस वेगळी. मला ते पटलं. पाय मात्र ऐकेना. जप सोडला की पाय आपटायचा, जप धरला की पाय त्याच्यामागं धावायचा. एवढ्यात आई शेजाऱ्यांबरोबर बसनं शिबिराला गेल्या, ऑपरेशन झालंसुद्धा, आणि आईंना घरी आणायचा दिवस उजाडला.

जाताना गाडीत आई नव्हत्या, म्हणून गाडीनं काय वाटेल ते केलं. येताना त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंनी उशा लावल्या. पट्टी दोन्ही डोळ्यांवर. मी किल्लीला हात लावायच्या आधीच माझ्या तोंडून नाम सुरू झालं होतं.

"उर्मिले," आई म्हणाल्या, "जप करून राहिली का?"

"हो आई."

"माह्या पुंडलिकानं सांगितलं मले तुरीचं. बंद कर."

"आई, असं कसं? रोजचा नेम आहे माझा."

"नेम माह्यावर टाक. मी इथं पडल्या पडल्या जपतो, तू गाडी चालव. तुह्याच नावावर लिहिजो म्हणतो देवाले."

मी तोंड मिटलं. मनातही काही येऊ दिलं नाही. इतकं रिकामं मला कधी वाटलं नव्हतं. मागून आईंचा जप सुरू झाला, म्हाताऱ्या श्वासाचा, एक नाम, मग दम, मग दुसरं. मी क्लच सोडला. त्या रिकामेपणात मला पहिल्यांदा तळव्याखाली ते पेडल कळलं. ते आपणहून वर येऊ पाहतं, त्याला दाबायचं नसतंच, फक्त पायाचा थोडा भार द्यायचा आणि थोडा काढून घ्यायचा. गाडी कधी निघाली ते मलाच कळलं नाही.

पुढं एक ट्रक अंगावर येतो की काय असा आला. नाम ओठांपर्यंत आलं, मी ओठ दाबले. पण मागचा जप तसाच, एक नाम, दम, दुसरं नाम. आईंच्या डोळ्यांवर पट्टी होती, त्यांना ट्रक दिसलाच नव्हता. त्या घाबरल्या नाहीत म्हणून माझा पायही घाबरला नाही.

जामसावळीच्या मारुतीच्या फाट्याशी जप थांबला. ह्यांनी मागं वळून पाहिलं आणि खुणेनं सांगितलं, झोपली. आता पाय काय करतो म्हणून मी त्याच्याकडेच लक्ष देत राहिले. त्यानं काही केलं नाही. मी मारुतीरायाला हातसुद्धा जोडले नाहीत, त्याची माफी घरी येऊन मागितली.

आमच्या दारात थांबले तेव्हा मला वाटलं, आता हे काही तरी चांगलं बोलतील. बॉनेटमधून वाफ निघत होती.

"पांढुर्ण्यापासून दुसऱ्या गेरच्या वर गेलीच नाही तू," ते हळू आवाजात म्हणाले. "एक सायकलवाला आपल्याले दोनदा मागं टाकून गेला. मधात चहा पिऊन आला असन."

"मग सांगायचं न."

"सांगितलं असतं तं दचकली असती. मायचा डोळा पाहू का इंजिन पाहू?"

आईंना उचलून आत नेईपर्यंत त्या जाग्या झाल्या नाहीत.

पट्टी काढायला पांढुर्ण्याला मीच नेलं. टाके जागच्या जागी होते. डॉक्टरांनी बोटं धरली, आईंनी ती बरोबर सांगितली आणि वर त्यांच्या अंगठीतला खडा कोणता तेही विचारलं. घरी निघताना त्या उशा बाजूला सारून मागं ताठ बसल्या. जाड चष्मा अजून यायचा होता, पण ट्रक दिसायला चष्मा लागत नाही. समोरून एक आला, आणि मागं जप सुरू झाला, इतका भरभर की एक नाम दुसऱ्यात अडकत होतं.

माझा पाय हलला नाही, असं लिहायला मला फार आवडलं असतं.

"माय, तू हळू जप," हे मागं वळून म्हणाले. "नाही तं ही आपल्याले नागपूरले नेते."