चांगुणाबाईंचं लेकरू

“लेकरू लहानपणापासून असंच आहे का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“बिलकुल!” कल्याण तोंड उघडायच्या आत त्याच्या मायनं, चांगुणाबाईंनी, बाजी मारली. “एका जागी बूड टेकीत न्हाई. मीठ आणाया धाडलं तर काड्याची पेटी घेऊन येतं. मारून मारून माझा हात दुखला, पण लेकरू आपलं हसूनच राह्यलं.”

नऊ वर्षांची अक्षता तोवर वजनकाट्यावर एका पायानं उभी राहून आपलं वजन कमी भरतं का ते बघत होती. घाम फुटला होता तो तिच्या बापाला, कल्याणला. ‘डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं की पोरगी येडी ठरती, मंग सोयरीक कोण करंल?’ असं म्हणत उपचार मोडायलाच त्याची माय जालन्यापर्यंत सोबत आली होती.

“आणखी?”

“लग्नाच्या दिवशी केदारखेड्याला एसटीतून उतरायचं, तर गप्पा हाणीत पार पुढं भोकरदनला गेल्तं!”

पेन थांबलं. “लग्न? हिचं? नवव्या वर्षी?” डॉक्टरीणबाईंच्या आवाजात पोलीस ठाणं होतं.

“हिचं कशाला? ह्याचं!” चांगुणाबाईंनी कल्याणच्या पाठीत बुक्की हाणली.

लेकरू या शब्दाला लिंग नाही, वयही नाही. घोटाळा झाला तो तिथंच.

“आजी, मी नातीचं विचारत होते.”

“ती ह्याच्यावरच गेली. येगळं काय सांगू?”

डॉक्टरीणबाई हसल्या. “मग दोघांनाही तपासू. पण ऐकलं त्यावरून हा आळस नाही, खोडीही नाही. लक्ष टिकवणं यांना जड जातं. पोरीला एका वेळी एकच काम सांगा, केलं की लगेच शाबासकी. शाळेत पुढचा बाक. तेवढ्यानं भागलं नाही तर गोळी देऊ, माझ्या देखरेखीखाली. मोठ्यांसाठीही गोळ्या आहेत, सवयी लावून घेता येतात. मारानं मात्र यातलं काही बरं होत नाही.”

जन्मभर अख्ख्या गावानं ज्याला ‘ध्यान’ म्हटलं, त्याचं ध्यानच कमी निघावं! कल्याणला हसू आवरेना.

चांगुणाबाई मात्र हळूच म्हणाल्या, “ही गोळी तवा, ह्याच्या लहानपणी, होती का, बाई?”

“असली, तरी आपल्याकडं कुणाला ठाऊक होती?”

“मंग पोरीचं करा बराबर. तुम्ही म्हणताल तसं.”

एसटी स्टँडवर त्यांनी एक मोसंबी घेतली, नखानं सोलली. अक्षता समोर हात पसरून नाचत होती. चांगुणाबाईंनी पहिली फोड उलगडली, एकेक बी काढून टाकली, आणि ती फोड कल्याणच्या तळहातावर ठेवली.