अवनीच्या डाव्या हाताखालचा ड्रॉइंग बोर्ड

मित्रांनो, दुबईत अल मनखूलच्या एका फ्लॅटमध्ये खिडकीखाली दोन स्टुलांवर आडवा झालेला जुना ड्रॉइंग बोर्ड म्हणजे मी.

पुण्यातल्या एका सुताराने देवदाराच्या फळ्या जोडून मला घडवलं. रंधा असा मारला, की हात फिरवला तरी जोड सापडू नये. गुणवंतने शिकत असताना मला घेतलं आणि नोकरी लागली तेव्हा चादरीत गुंडाळून इथे आणलं. दुबईतल्याच देरा भागातल्या ऑफिसात माझ्यावर त्याने कितीतरी इमारतींचे नकाशे काढले. इंजिनियर कागद उजेडात धरून म्हणायचे, "गुणवंत, लाइन म्हणजे लाइन आहे." शाबासकी त्याची, पण थोडी मलाही पोचायची.

मग कम्प्युटर आले. "खलास, अब बोर्ड का काम नहीं," मॅनेजर म्हणाला. गुणवंतने मला टॅक्सीत घालून घरी आणलं. दारातच त्याची बायको प्रमिला म्हणाली, "इथे पाय ठेवायला जागा नाही. हे धूड कुठे ठेवू, माझ्या डोक्यावर?" काही वर्षं मी कपाटामागे उभा होतो. कधीमधी बाल्कनीत नेऊन ती माझ्यावर साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालायची. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

त्यांची मुलगी अवनी शाळेत जायला लागली आणि मी तिचं टेबल झालो. तिला चित्रांचं वेड. कबुतरं, बांधकामावरच्या क्रेन, खाडीतल्या बोटी, सगळं डाव्या हाताने. पुन्हा कामावर लागल्यासारखं वाटलं मला.

पण एका हळदीकुंकवाला तिने डाव्या हाताने तिळगूळ दिला आणि बायका हसल्या. घरी आल्यावर प्रमिला म्हणाली, "इथली माणसंसुद्धा डाव्या हाताने देत-घेत नाहीत. आजपासून लिहायचं, काढायचं, सगळं उजव्याने." मुलीला कुणी हसू नये, एवढंच तिला हवं होतं. उजव्या हाताने काढलेली कबुतरं वांग्यांसारखी दिसायला लागली. मग अवनीने चित्रं काढणंच सोडलं.

गृहपाठ झाला की प्रमिला तिचा डावा पंजा उलटा करून बघायची. इंग्रजी लिहिल्यावर करंगळीखाली पेन्सिलीचं शिसं लागलेलं असायचं, म्हणजे चोरी पकडली. अरबी लिहिल्यावर हात स्वच्छ. "बघ, अरबीला कसा चालतो उजवा हात. जमतंय की तुला," प्रमिला खुशीत म्हणायची. अवनी पटकन वही मिटायची. खरं काय ते मी बघत होतो, पण लाकडाला तोंड नाही.

अशात शाळेतून प्रोजेक्ट आला. लिओनार्दो नावाच्या जुन्या इटालियन चित्रकाराचं आयुष्य एका चार्टवर मांडायचं. एका शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, गुणवंत लायब्ररीचं पुस्तक घेऊन बसला. वाचून सांगू लागला, "विंची गावचा हा मुलगा. वडिलांनी याला फ्लोरेन्सला एका उस्तादाच्या कारखान्यात ठेवलं. तिथे शिकता शिकता उस्तादाच्या चित्रात एक देवदूत रंगवला, तोच सगळ्यांत सुंदर ठरला. मग मिलानला गेला. घोडे, पूल, कालवे, यंत्रं, माणसाच्या शरीराची आतली रचना, काही सोडलं नाही. पक्ष्यांचे पंख बघून उडायचं यंत्र आखलं. एका भिंतीवर नव्या पद्धतीने मोठं चित्र केलं, त्याचे पोपडे त्याच्या हयातीतच निघाले. तरी नवं करून बघणं थांबलं नाही. हसऱ्या बाईचं चित्र वर्षानुवर्षं रंगवत राहिला, म्हातारपणी फ्रान्सला गेला तेव्हा तेही बरोबर."

अवनी उजव्या हाताने लिहीत होती. अक्षरं उतारावरून घसरल्यासारखी. पंखाचं चित्र खोडता खोडता कागद फाटला.

"आय कान्ट, आई. धिस हँड डझन्ट नो हाऊ."

"सवयीने येईल. अरबी नाही का लिहीत उजव्याने?"

गुणवंतने पान उलटलं. "अगं, हाही डावखुरा होता. आणि लिहायचा उजवीकडून डावीकडे."

"ते कशाला?" प्रमिलाने विचारलं.

"सो युअर हँड डझन्ट टच द इंक," अवनी पटकन म्हणाली. "लाइक अरेबिक."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. प्रमिलाने तिचा डावा हात घेतला. उलटा केला नाही, नुसता धरून ठेवला.

"म्हणजे अरबीसुद्धा याच हाताने?"

अवनीने मान डोलावली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"यू वेअर सो हॅपी."

प्रमिलाने माझ्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाली, "अहो, तुमची ती नकाशाची टी-आकाराची लांब पट्टी हिला नीट धरता येत नाही. का हो?"

"ती बोर्डाच्या डाव्या कडेला टेकवायची असते, तीच कड त्यासाठी अगदी सरळ केलेली आहे. उजव्या हाताच्या माणसाचा बोर्ड आहे तो."

"मग फिरवा ना."

दोघांनी मला दोन बाजूंनी उचललं आणि माझी डावी कड उजवीकडे केली. नवा कागद चिकटवला. अवनीने पट्टी टेकवली, डाव्या हाताने रेघ ओढली आणि त्या रेघेतून पंख उघडत गेला.

"जेवताना मात्र उजवा," प्रमिला म्हणाली.

"डील," मान वर न करता अवनी म्हणाली.

मित्रांनो, तो चार्ट शाळेत किती आवडला, मला ठाऊक नाही. मी घरीच असतो. मला एवढंच कळतं, की भ्यालेला हात अंगावर फार जड पडतो. त्या दिवसापासून अवनीचा हात हलका झाला. तुमच्या घरात, वर्गात कुणाचा हात वेगळ्या बाजूने चालत असेल, तर त्याला हसू नका, ओढू नका. आधी टेबल फिरवून बघा. आम्हा लाकडांचं त्यात काही बिघडत नाही.