पट्टी चुकलेलं जाळं

दामाजीने जाळ्याचं भोक सुरीने आणखी मोठं केलं. सडके दोरे छाटत विणीतल्या धड घरांपर्यंत, शाबूत चौकोनांपर्यंत पोचायचं आणि मगच विणायला घ्यायचं. कोपरच्या खाडीकाठी तो पन्नास वर्षं असाच जाळी सांधत आला होता. समोर नात बसून कापलेली घरं मोजत होती. चित्राचं वय नऊ. डोक्यावर केस नाहीत, कपाळावर निळ्या शिरा, हातांची कातडी दामाजीच्या हातांपेक्षा सुरकुतलेली. बाजारातल्या बायका तिला ‘आजीबाय’ म्हणत, तेव्हा तिची आई जनाबाई मासळीची टोपली उचलून दुसरीकडे जाऊन बसे.

ठाण्याहून डॉक्टर सुमती आल्या होत्या. त्र्याण्णवच्या त्या उन्हाळ्यातली त्यांची ही तिसरी फेरी. त्यांना चित्राच्या दंडाच्या कातडीचा मसुरीएवढा तुकडा हवा होता. जनाबाईने निर्णय सासऱ्यावर सोपवला होता.

“त्यानं ही बरी व्हइल?” दामाजीने विचारलं.

“नाही. खोटं नाही सांगणार.”

“मंग कापता कशाला? मागं इस्पितलात चालीस शिकाऊ पोरांपुढं हिला उघडी बसवलेली. तवाच मी सांगितलं, पुन्ना नाय.”

डॉक्टर खाली जाळ्यापाशीच बसल्या.

“आपलं अंग बारीक बारीक पेशींचं असतं, काका. प्रत्येक पेशीत एक गाभा असतो आणि गाभ्यात धागे. केस कसे, हाड कसं, सगळं त्या धाग्यांत लिहिलेलं. गाभ्याच्या आवरणाला आतून जाळ्याचं अस्तर असतं. मला वाटतं, हिचं ते अस्तर बिघडलंय. मग आतले धागे तुटतात, नीट सांधले जात नाहीत आणि पेशी लवकर म्हाताऱ्या होतात. वाटतं, म्हणते. ठाऊक अजून कुणालाच नाही.”

दामाजीने हातातली बांबूची पट्टी उलटसुलट केली. प्रत्येक घर या पट्टीवरून विणायचं, म्हणजे माप एकसारखं येतं.

“गाठ सुटलीय, का पट्टीच चुकलीय?”

“म्हणजे?”

“गाठ सुटली तं एक घर जातं. ते सांधता येतं. पट्टी चुकली तं पयल्या घरापासनं सगलं जालंच तसं.”

डॉक्टरांनी त्याच्या हातातल्या पट्टीवर बोट टेकवलं.

“पट्टी,” त्या म्हणाल्या.

दामाजीने पट्टी खाली ठेवली. चित्राचं मोजणं केव्हाच थांबलं होतं.

“आजा, तू पण आधी कापतोसच ना? कापल्याशिवाय तुला तरी कळतं का, कुठपर्यंत सडलंय?”

“तू गप.”

“दंड माझा आहे आणि गप पण मीच?”

डॉक्टरांनी मग दुसरी गोष्ट सांगितली. ताडून बघायला त्यांना एखाद्या म्हाताऱ्या माणसाचाही तुकडा लागणार होता.

“इथं दोन म्हातारे आहेत,” चित्रा म्हणाली. “त्यातला एक हा घ्या.”

दामाजी हसला नाही. त्याने सदऱ्याची बाही वर सारली.

“दोघांच्या पेशी बशीत ठेवू,” डॉक्टर म्हणाल्या. “दम असेल तोवर त्या वाढत राहतील. दमल्या की थांबतील.”

“मला कळवाल? खरं खरं?” चित्राने विचारलं.

“तुझ्या नावाने कार्ड टाकीन.”

संमतीच्या कागदावर आजाने अंगठा उठवलेला चित्राला चालणार नव्हता. आठ दिवस तिने त्याच्याकडून पाटीवर ‘दामाजी’ गिरवून घेतलं. मग हट्टाने त्याने तिचंही नाव शिकून घेतलं. त्यापलीकडे त्याला अक्षर येत नव्हतं.

तुकडे काढल्यावर त्याची जखम आठवड्यात भरली. तिची भरायला दीड महिना लागला.

नारळी पौर्णिमा झाल्यावर कार्ड आलं. जनाबाई बाजारात होती. चित्राने ते आधी मनातल्या मनात वाचलं, जिभेने ओठ ओले केले आणि मग मोठ्याने म्हणाली,

“दोघांच्या पेशी वाढताहेत.”

“दोगांच्या?”

“दोघांच्या. मस्त वाढताहेत, असं लिहिलंय.”

दामाजीने कार्ड घेऊन हात लांब करून धरलं. दोनच ओळी होत्या. वरच्या ओळीत त्याचं नाव, खालच्या ओळीत तिचं. नावांपुढची अक्षरं दोन्हीकडे सारखीच चालली होती. शेवटचा शब्द मात्र वेगळा होता. हजार घरांतून चुकलेलं एक घर त्याच्या डोळ्याने आजवर कधी सोडलं नव्हतं.

“परत वाचू?” चित्राने विचारलं. ती खाडीकडे बघत होती.

“नको. आलं ध्यानात. तुज्या आयसला पन असंच वाचून दाखव.”

कार्ड तिच्या हातात देऊन त्याने जाळ्याची कड तिच्याकडे सरकवली.

“घरं मोज.”

चित्रा मोजू लागली. मध्येच एक आकडा तिने गाळला. एरवी दामाजी लगेच टोकायचा. आज तो पट्टी हातात धरून ऐकत राहिला.