कॅमेऱ्यापुरतं रिकामं घर

पेजने वाकून नळ बंद केला आणि ओले हात जीन्सला पुसले.

“शुक्रवारपर्यंत पाणी घालू नका, बाई. ऊन असं आहे की तोवर गवत छान वाळेल.”

एर्लिंडा अबालोस पाइप हातात धरून तशीच उभी राहिली. स्टॉकटनच्या त्या वसाहतीतली निम्मी घरं कर्ज थकून जप्त झाली होती, तरी तिने अंगणातली हिरवळ पोटच्या पोरासारखी जपली होती. आता त्याच अंगणात उभं राहून खासदार हॅलस्टेड कॅमेऱ्यांपुढे बोलणार होते आणि मागे ओसाड घर दिसायला हवं होतं. पेज त्यांच्या कचेरीतली.

“पण समोरची घरं खरंच रिकामी आहेत की,” एर्लिंडा म्हणाली.

“त्यांच्या वाळक्या गवताला नगरपालिकेने हिरवा रंग मारलाय. गिऱ्हाईक यावं म्हणून! तिथे उभं राहून साहेब काय रडणार?”

एर्लिंडाला हसू आलं आणि लगेच मावळलं. पुढच्या आठवड्यात कोर्टाच्या पायऱ्यांवर तिच्या घराचा लिलाव होता. चित्रीकरणाला घर द्या, साहेब कर्जाच्या कंपनीतल्या वरच्या माणसाला स्वतः फोन करतील, लिलाव टळेल, असा शब्द पेजने दिला होता. त्या शब्दावर एर्लिंडाने पडदे उतरवले, कुंड्या मागे नेल्या, गाडी बहिणीच्या दारात लावली. नेस्टर, तिचा नवरा, दारात टेकून हे बघत होता. बांधकामं बंद पडून हातचं काम गेल्यापासून तो बोलायचा कमी आणि टोमणे मारायचा जास्त. जेवणावरूनही त्याचं मन उडालं होतं.

“ह्याच बाबाने वसाहतीची फीत कापली होती, आठवतंय? सरकार पाठीशी असलेल्या ह्याच कंपनीमुळे गरिबाला घर मिळतंय म्हणाला. टाळ्या आपणच वाजवल्या. आता कंपनी चोर आणि हा साव!”

“असू दे रे. फोन तर करेल.”

“करेल ना. निवडणुकीला पैसे मागायला करत होता, नंबर असेलच त्याच्याकडे.”

शुक्रवारी दोघं स्वयंपाकघरात ओट्याच्या आड जमिनीवर बसून होती. खिडकीतून कुणी दिसायला नको, असं पेजने बजावलं होतं. बाहेर गाड्या लागल्या, माणसं गवत तुडवत आली. मग खासदारांचा आवाज भिंतीतून आत आला.

“बघा हे घर! इथलं कुटुंब आज कुठे असेल, देव जाणे. सरकारच्या जिवावर माजलेल्या या कंपन्यांनी ऐपत नसलेल्या लोकांच्या गळ्यात कर्जं मारली. मी पहिल्यापासून ओरडून सांगत होतो!”

“पण त्यांच्या देणग्या तुम्हीही घेतल्यात ना?” कुणी वार्ताहर म्हणाला.

“अहो, ते तर सगळ्यांनाच देत होते!”

बाहेर हशा पिकला. नेस्टरचे खांदे हलायला लागले तसा एर्लिंडाने त्याच्या तोंडावर हात दाबला. तळहाताला ओलं लागलं. तो हसत नव्हता.

कॅमेरे आवरायला लागले तेव्हा ती मागच्या दाराने निघाली आणि गल्लीतून वळसा घालून पुढे आली. हातात सकाळीच तळलेल्या लुम्पियांची, सारण भरलेल्या गुंडाळ्यांची, बशी होती. रिकाम्या हाताने कसं जायचं? खासदार गाडीपाशी होते. त्यांनी एक लुम्पिया उचलून खाल्ली, दुसरीही घेतली.

“वा! इथल्याच का तुम्ही?”

“हो.”

“असल्या उजाड घराशेजारी राहायचं म्हणजे कठीणच. तुमचं कुठलं?”

एर्लिंडाने पेजकडे पाहिलं. पेज फोनमध्ये मान घालून उभी होती, तिचे कान लाल झाले होते. साहेबांना तिने काही सांगितलंच नव्हतं. हेच माझं घर, एवढे तीन शब्द तर बोलायचे होते. पण ‘ऐपत नसलेले लोक’ अजून तिच्या कानात होते. ते लोक आम्हीच, असं या माणसाच्या तोंडावर सांगायची तिला भयंकर लाज वाटली.

“तिकडे,” ती म्हणाली. “कोपऱ्यापलीकडे.”

“काळजी घ्या हं,” म्हणत ते गाडीत बसले.

ती आत आली तेव्हा नेस्टर सांगितल्यासारखा जमिनीवरच बसून होता.

“उठू का आता?”

तिने हात दिला. तो गुडघे धरून उठला.

“बोललीस त्याच्याशी?”

“बोलले.”

“मग?”

“करतो म्हणाले फोन. सोमवारी सकाळीच.” ती बशी घेऊन मोरीकडे वळली.

नेस्टरने पँटची धूळ झटकली.

“म्हणजे माणूस तसा वाईट नाही म्हणायचा,” तो म्हणाला. मग खुर्ची ओढून बसला. “काही खायला आहे का गं? भूक लागलीय.”