घट्ट तेल

एक होता ड्रायव्हर, एक त्याची बायको, एक त्यांची आठ वर्षांची पोर, आणि चौथी त्यांच्या दारातली जुनी गाडी. ती चौथी म्हणजे मी. होय, गाडीच बोलतेय. नवल करू नका. मी जन्मभर बोलतच आलेय. लोकांनी त्याला खडखडाट म्हटलं, एवढंच.

जन्म माझा कारखान्यातला. पुढे एक, मागे एक, सगळ्या एकाच तोंडावळ्याच्या. जुळ्या बहिणींची रांगच म्हणा ना. पहिला मालक एक निवृत्त साहेब. तारीख लिहून ठेवून तेल बदलायचा आणि तेलाची पट्टी पुसायला स्वतःच्या खिशातला रुमाल काढायचा. त्याच्याकडे मी इतकी मऊ चालायचे, की फाटकाशी येऊन उभी राहिले तरी त्याच्या सुनेला पत्ता लागायचा नाही. तो गेला आणि मला एका साबणवाल्या व्यापाऱ्यानं नेलं. त्यानं सात वर्षं माझ्या पोटात खोकी कोंबली, पण बॉनेट उघडून आत पाहिलं असेल तर शपथ! तेल म्हणजे आमचं रक्त. ते आधी काळं पडलं, मग चिकट झालं, मग डांबरासारखं होऊन माझ्या नसानसांत बसलं.

टकटक लागली ती तिथून.

तिसरा हा ड्रायव्हर. माणूस वाईट नव्हता हो. दारू नाही, शिवी नाही, बायकोवर हात नाही. मला आणलं त्या दिवशी त्यानं घासूनपुसून अशी लखलखीत केली, की मलाच माझी लाज वाटली. बायको घरी बसून एका कपड्यांच्या कारखान्यासाठी शर्टांच्या कॉलरी शिवायची. उरल्यासुरल्या तुकड्यांची तिनं माझ्या सीटांना गोधडीसारखी रंगीबेरंगी कव्हरं घातली. पोर मला ‘म्हातारे’ म्हणून हाक मारायची. मला आवडायचं ते.

पण ड्रायव्हरला एक खोड होती. आवाज नको! पोरीनं पाढे मोठ्यानं म्हटले, आवाज नको. भांडं पडलं, आवाज नको. मोरीतला नळ ठिबकायचा, तर त्यानं खाली फडकं ठेवलं. थेंब पडतच राहिला, फक्त ऐकू येईनासा झाला. वॉशर काही त्यानं बदलला नाही. ऐकू आलं की काहीतरी करावं लागतं, आणि काय करावं ते त्याला सुचायचं नाही, असं असावं.

रोज सकाळी तो चार कारकुनांना कचेरीत पोचवायचा. घर चालायचं ते त्यावरच. चौघांत एक चष्मेवाल्या बाई होत्या, जिभेनं तिखट.

“ड्रायव्हरभाऊ, ही गाडी आहे की पिठाची गिरणी?”

“जुनी आहे बाई. बोलते जरा.”

“जरा? काल घरी जाऊन आडवी झाले, तरी कानात टकटक. आमचे हे उठून दार उघडून आले, कोण आलंय बघायला!”

सगळे हसले. ड्रायव्हरही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मी आरशात पाहिले. उतरताना बाई म्हणाल्या, “पहिल्या तारखेपर्यंत काय ते करा बाई हिचं. नाहीतर आम्ही दुसरी गाडी बघतो.”

मग तो मला कानसेनाकडे घेऊन गेला. कानसेन म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा मित्र, गाड्या दुरुस्त करायचा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला टेकवायचा, दुसरं कानाशी धरायचा आणि डोळे मिटून ऐकत राहायचा. म्हणून ते नाव.

“वरचा आवाज आहे,” तो म्हणाला. “झडपा हलवणारे टॅपेट आहेत ना, त्यांच्यापर्यंत तेल चढत नाही. नसा चोंदल्यात हिच्या.”

“बंद कर मग आवाज.”

“बंद नाही करायचा, बरा करायचा. हिला नेमून दिलेलं पातळ तेलच भरू. थोडी चालव, मग ते तेल काढून टाक. नवा फिल्टर, पुन्हा तेल. असं तीनदा. घाण हळूहळू धुऊन निघेल. तोवर ती बोलणार. बोलू दे.”

“किती दिवस?”

“दीड महिना धर.”

“अरे, पहिली तारीख आठ दिवसांवर आलीय!”

“मग त्या बाईंच्या कानात कापूस घाल.”

ड्रायव्हरला ते झोंबलं. तो तडक निघाला, तो कोपऱ्यावरच्या तेलाच्या दुकानात. म्हणाला, “तुमच्याकडे सगळ्यात घट्ट असेल ते तेल द्या.” दुकानदारानं दिलं, आणि वर मधासारख्या औषधाची एक बाटली दिली. “हे पण घाला. गाडी पुन्हा तोंड उघडणार नाही.”

त्यानं दोन्ही माझ्या पोटात ओतलं. कसं सांगू तुम्हाला? तोंडावर ओली दुलई दाबावी तसं झालं. जिथं लोखंडाला लोखंड घासत होतं तिथं तो दाट चिकटा जाऊन बसला, आणि टकटक थांबली. दुखणं होतं तिथंच होतं. बारीक नसांतून तर ते तेल पुढे सरकेचना.

“अगंबाई, नवी घेतली की काय!” चष्मेवाल्या बाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. ड्रायव्हर दिवसभर शीळ घालत होता.

मग समोरचा लाल दिवा लागायला लागला. तेलाचा दाब पडला की तो लागतो. सकाळी सकाळी तर बराच वेळ लागून राहायचा. तेवढंच एक तोंड माझ्याकडे उरलं होतं. ड्रायव्हरनं त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावली. पोरीला म्हणाला, “म्हातारपणी डोळे मिचकावते उगाच.”

आता त्याच्या बायकोचं सांगते. कॉलरींच्या कापडाचा बारीक भुगा बारा वर्षं तिच्या नाकातोंडात जात होता. तिला खोकला लागला. ड्रायव्हरनं खोकल्याची बाटली आणली. “दोन दोन चमचे घे. आवाज नको गं असा, भिंती केवढ्याशा आहेत.” ती घ्यायची. औषधानं गुंगी यायची, खोकला दबायचा, आणि तो म्हणायचा, “बघ, पडला ना फरक!”

दुपारी तो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चहावाल्याकडे गप्पा मारायला जायचा, मला दारात ठेवून. पोर शाळेत. अशा वेळी ती येऊन माझ्या मागच्या सीटवर बसायची, काचा वर करायची आणि खोकायची. पोट दाबून, वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. घरात, शेजारी, कुणालाच ऐकू जायचं नाही. माझ्याशिवाय.

एकदा तिनं तोंडाला धरलेला कॉलरचा तुकडा बाजूला केला, तर त्यावर लाल ठिपका. तिनं तो घडी घालून कमरेला खोवला. सीटवरून हात फिरवत म्हणाली, “तू तरी बरी झालीस गं बाई.”

मी बरी नव्हते. ती बरी नव्हती. दोघी गप्प होतो, आणि ड्रायव्हरला वाटत होतं की त्याच्या घरात सगळं सुरळीत चाललंय. मला वाचा असती तर मी त्याच दिवशी गल्ली जागी केली असती. पण वाचा होती ती टकटकीची, आणि ती तर दुलईखाली.

ऐन थंडीतली एक सकाळ. ती मशीनवर बसल्या बसल्या पुढे कोसळली. श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजत होती. ड्रायव्हरनं तिला उचलून मागे आडवी केली, पोरीला पुढे बसवलं आणि चावी फिरवली. तेल थंडीनं गोठल्यासारखं झालेलं. मी कण्हत कण्हत सुरू झाले. वर कोरडं, खाली कोरडं. आणि त्यानं मला पिटाळली.

पोर समोर बघत होती. “बाबा, पट्टीखालून लाल दिसतंय.”

“गप्प बस!”

“बाबा, खरंच लाल...”

“गप्प म्हटलं ना!”

नदीवरच्या पुलाच्या मधोमध माझ्यात काहीतरी धरलं. लोखंड लोखंडाला चिकटलं. एक झटका, आणि मी थांबले. त्यानं चावी फिरवली, पुन्हा फिरवली. मी हलले नाही. माझ्या हातात असतं तर मी स्वतःला मोडून घेतलं असतं, पण तिला पोचवलं असतं. नव्हतं हो हातात.

तो मागे गेला. तिच्या कमरेचे ते तुकडे सीटवर पडले होते. एक नाही, सात-आठ. सगळे लाल.

“हे कधीपासून? का नाही सांगितलंस?”

तिला बोलवेना. पोरच म्हणाली, “तुम्हाला आवाज नको असतो ना, बाबा.”

 तो पळत रस्त्याच्या मधोमध गेला आणि दोन्ही हात वर करून ओरडला. त्या माणसाला ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. एक दुधाची गाडी थांबली. “कॅन सारा मागे, वहिनींना झोपवा!” दूधवाला म्हणाला, आणि ते सगळे गेले. मी पुलावर एकटी, दार उघडं टाकलेली.

ती वाचली, पण डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. एका बाजूचं फुफ्फुस पार खराब झालेलं. सात महिने तिला इस्पितळात राहावं लागलं. पोर मावशीकडे गेली. कारकुनांनी त्याच आठवड्यात दुसरी गाडी धरली, चष्मेवाल्या बाईंनी आपल्या हातानं ठरवून दिली. ड्रायव्हर दुधाचे कॅन उचलायला जाऊ लागला. रिकाम्या घरात तो आणि भिंती. आता आवाज नव्हताच कसला.

मला दोरानं ओढत कानसेनाच्या आवारात नेलं. त्यानं माझं पोट खोललं. चमच्यानं खरवडून काढावा असा काळा चिकटा आत बसलेला, बेअरिंगं घासून गेलेली. त्यानं ड्रायव्हरला हाताला धरून खाली वाकवलं.

“बघ. ही ओरडत होती. तू तिच्या तोंडात बोळा घातलास.”

ड्रायव्हर उलट्या डब्यावर बसला आणि रडायला लागला. खांदे हलत होते, पण आवाज नाही. कानसेन म्हणाला, “मोठ्यानं रड रे बाबा. इथं कुणी गिऱ्हाईक नाही.”

त्यानंतर इस्पितळातून परतताना दर रविवारी तो यायचा. घासून, धुऊन एकेक नळी मोकळी करायचा. बेअरिंगं नवी घातली. जोडून झाल्यावर कानसेनानं पातळ तेल भरलं. मी सुरू झाले ती खडखडाट करतच. ड्रायव्हर दचकला, पण स्क्रू ड्रायव्हर कानाशी धरून ऐकत उभा राहिला.

कानसेन तीनदा तेल बदलू म्हणाला होता. लागले पाच. पहिलं तेल बाहेर आलं ते काजळीसारखं. दुसरंही तसंच. “माझा अंदाज चुकला,” कानसेन म्हणाला, “हिनं आपल्यापेक्षा जास्त सोसलंय.” चौथ्याला टकटक निम्मी झाली. पाचवं बाहेर आलं ते चहासारखं, आरपार उजेड दिसणारं. एक टॅपेट मात्र अजून बोलतं. “राहू दे ते,” कानसेन म्हणाला, “वयच आहे. वाढलं तर मात्र लगेच ये.”

मी आता फार वर्षांची सोबती नाही. तुमच्या दारात माझ्यासारखी कुणी कुरकुरत असेल, गाडी असो की माणूस, तर तिला गप्प करायला धावू नका. आधी काय म्हणतेय ते ऐका. एवढंच मागणं.

तर शेवटी त्यांचं नशीब उघडलं ते सांगते. आठव्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, रोग गेलाय, उरलेल्या फुफ्फुसावर निभेल, घरी न्या. मावशीकडून पोर आली. पोर पुढे, बायको मागे, आणि मी माझ्या एका टकटकीसह रस्त्याला लागले.  मग मागून आवाज आला, थोडा घोगरा, पण ठणठणीत.

“अहो, दर रविवारी यायचात आणि मुक्यासारखे खुर्चीवर बसायचात. मी जगतेय की मरतेय, विचारलंत कधी?”

“भीती वाटायची.”

“मग आता विचारा.”

त्यानं आरशात तिच्याकडे पाहिलं. “कशी आहेस गं?”

आणि ती सांगू लागली. अगदी पहिल्या खोकल्यापासून, एकही दिवस न गाळता, मधूनमधून त्याला चार शब्द सुनावत, दम न लागता. पोर मध्ये मध्ये हसत होती. घराचं दार आलं तरी तिचं संपलं नव्हतं. ड्रायव्हरनं मला थांबवलं नाही. तशीच हळूच पुढे घेतली.