डावी खिडकी

विमान उतरून थांबलं, तरी मागच्या खिडकीतली लेव्के माझ्याकडे बघेना. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

चाचणी होती. डाव्या बाजूच्या दोन खिडक्यांत आम्ही दोघी, एकमेकींचं ऐकू येऊ नये अशी व्यवस्था. खाली समुद्रात पॉरपॉइज, म्हणजे डॉल्फिनचा तो बुटका भाऊबंद, दिसला की आपापल्या माइकमध्ये सांगायचं. कुणाच्या नजरेतून किती निसटतात ते त्यावरून कळतं आणि तितका एकूण आकडा वाढवून धरतात. माझी याआधीची चाचणी नऊ वर्षांपूर्वीची. हिशेब अजून त्याच नजरेवर चालला होता.

"लेव्केचे एकतीस," आमचे प्रमुख हिनरिक्स कागद बघत म्हणाले. "तुझे बारा, वीबके."

"ऊन डोळ्यांवर होतं."

"तिच्याही होतं."

डोळ्यांत धुकं धरतंय हे मला पाच वर्षं ठाऊक होतं. बोलले असते तर खिडकी गेली असती. चोवीस उन्हाळे त्या खिडकीत काढलेली बाई मी, दुसरं येतंय काय मला?

तीन वर्षांपूर्वी आमच्याच आकड्यांवरून जाहीर झालं, पॉरपॉइज निम्मे उरले. ते जाळ्यांत अडकून बुडतात, म्हणून किनाऱ्यालगत जाळी टाकायला बंदी आली. माझ्या नवऱ्याने, मोम्मेने, बापाची होडी विकली. आता तो धक्क्यावर बेटाच्या बोटीची तिकिटं फाडतो.

घरी आले तेव्हा तो कोळंबी सोलत होता.

"किती दिसले गं आज?"

उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तो ओरडेल, शिव्या देईल, अशी तयारी करूनच आले होते.

"म्हणजे कमी झालेच नव्हते?"

"झाले असतीलही. मला दिसत नव्हतं, एवढं खरं."

"माझ्या जाळ्यात पिल्लू मेलं होतं, आठवतं? त्याची आई दोन तास होडीभोवती फिरत होती. बंदी आली तेव्हा सगळे बोंबलले, मी नाही. म्हटलं, आपणच संपवलेत, आता भोगा." त्याने हात पुसले. "एकदा तरी बोलायचंस, वीबके. मला तरी."

मला माझीच किळस आली.

त्याने नेहमीसारखी दोन ताटं मांडली. माझ्या पावाला लोणी लावलं आणि ताट माझ्या हाताला लागेल असं सरकवलं, आंधळ्याला देतात तसं.