जोराचं बटण

वडीगोद्रीच्या फाट्यावर संपतनं कॉम्प्युटरवर कुंडल्या काढून द्यायचं दुकान टाकलं, तेव्हा आसपास तसं दुसरं दुकान नव्हतं. संपत आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. ग्रहांवर त्याचा विश्वास नव्हता, कॉम्प्युटरवर होता. गिऱ्हाइकांचा दोन्हींवर होता, त्यामुळं दुकान चालायचं.

कॉम्प्युटर मात्र जुना होता. उन्हाळ्यात पत्रा तापला की त्याच्या आतला पंखा असा घोंघावायचा की समोरच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. एकदा एका बाईनं लेकीची जन्मवेळ पाच सांगितली, संपतला सात ऐकू आली आणि पोरीला नसलेला मंगळ लागला. बाई दुकानातच रडायला लागली. चूक कळल्यावर त्यानं दुसरी कुंडली काढून दिली, पण ते रडणं त्याच्या डोक्यातून जाईना. पंख्याचा आवाज कमी करायचाच, असं त्यानं ठरवलं.

तयार वस्तू कुठं मिळेना. मग त्यानं जालन्याहून व्होल्टेज कमी-जास्त करणारी तीन पायांची आयसी आणली, जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण काढलं आणि आयसी तापू नये म्हणून तिच्या पाठीला ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूनं आवळली. पहिल्यांदा बटण पार खाली नेलं तर पंखा थांबलाच आणि कॉम्प्युटर तापून बंद पडला. मग मध्ये एक रेझिस्टन्स टाकून त्यानं अशी सोय केली की बटण कितीही खाली नेलं तरी पंखा हळू का होईना, फिरत राहील. बटण कॉम्प्युटरच्या डब्याच्या पुढच्या बाजूला बसवलं. दुकान एकदम शांत झालं. संपतला स्वतःचंच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं बिचकायला लागली. लाईट गेली का, असं विचारायची. मशीन काही करतच नाही, संपत नुसताच कागद छापून देतो, असं चहाच्या हॉटेलात बोललं जाऊ लागलं. दोघंतिघं तर कुंडली तशीच ठेवून निघून गेले.

अशात रखमाजी गुरुजी आले. हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झालेले, गावात त्यांच्या शब्दाला मान. सोबत बायको दुर्गाबाई. लेकीला, पुष्पाला, आष्टीचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, पुष्पाच्याही मनात भरलेला. गुरुजींनी तिची जन्मवेळ पहाटे चारची सांगितली. संपतनं दोन्ही पत्रिका जुळवल्या. गुण सोळाच निघाले. अठरा तरी लागतात.

गुरुजींची नजर बटणावर गेली. हे कशाचं, म्हणून त्यांनी विचारलं. पंख्याचा वेग कमी-जास्त करायचं, असं संपतनं सरळ सांगितलं.

"मंग वाढव की," गुरुजी म्हणाले. "कमी जोरावर हिशेब अर्धवट राहून राह्यला असंल."

पंख्याचा आणि हिशेबाचा संबंध नाही, हे संपतनं परोपरीनं समजावलं. गुरुजींनी मान हलवली आणि हात लांब करून स्वतःच बटण पुरं फिरवलं. दुकान पुन्हा घोंघावायला लागलं. गुरुजी समाधानानं खुर्चीत मागं टेकले.

त्या आवाजात दुर्गाबाई संपतच्या कानाशी वाकल्या.

"पुष्पाची येळ चार न्हाई. घड्याळ बंद पडल्यालं होतं त्या दिवशी. मंदिरातली सकाळची आरती झाल्ती, सहाचा सुमार असंल. यांना बोलू नका."

संपतनं त्यांच्याकडं पाहिलं. खरं की लेकीसाठी रचलेलं, ते त्याला ओळखता येईना. मग त्यानं चारच्या जागी सहा घातले. चंद्र तेवढ्यात पुढच्या नक्षत्रात गेला होता. गुण सत्तावीस आले.

"बघ," गुरुजी म्हणाले, "जोर लावल्याबिगर होत न्हाई."

संपतला खरं सांगावंसं वाटलं. पण दुर्गाबाई पदर सावरत पडद्यावरच्या आकड्याकडं बघत होत्या. त्यानं सत्तावीस गुणांचा कागद छापून दिला.

लग्न झालं, पोरगी सुखात नांदायला लागली. गुरुजींनी ही हकिकत चारचौघांत सांगितली, तीही गणिताच्या मास्तरानं. आता अंबडपासून माणसं येऊ लागली आणि आधी बटण वाढवा म्हणू लागली. ज्यांचं जमत नव्हतं ते आणखी वाढवा म्हणायचे. संपतनं समजावणं सोडून दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात पंखा झिजून बंद पडला. जालन्याच्या दुकानदारानं नवा पंखा पुढं ठेवला आणि याचा आवाज बिलकुल येत नाही, असं कौतुकानं सांगितलं.

संपतनं तो बाजूला सारला. "आवाज करणारा हाय का?" त्यानं विचारलं.